चिठ्ठीवर ‘मनधरणी’ लिहू नका : संमतीच्या प्रसंगांना नाव देताना

अंधेरी पश्चिमेतील एका इमारतीत आमची लेखकांची खोली होती. एका भिंतीवर पांढरा फळा आणि त्या फळ्यावर रंगीत चिकटचिठ्ठ्या. एक चिठ्ठी म्हणजे मालिकेतला एक प्रसंग. त्यांतल्या एका गुलाबी चिठ्ठीवर मी स्वतःच्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता : ‘मनधरणी’. माझ्या डोक्यात प्रसंग असा होता की भांडणानंतर बायको अबोला धरते, नवरा पहाटे उठून तिचा डबा भरायला घेतो, भेंडीची भाजी करपवतो, आणि कढई घासताना त्याची उडालेली तारांबळ पाहून तिला नको असतानाही हसू फुटते. दीड आठवड्यानंतर तो भाग पडद्यावर पाहिला तेव्हा करपलेली भाजी कुठेच नव्हती. नवऱ्याने खोलीची कडी लावली होती, तिचे मनगट धरले होते, ती तीनदा ‘सोडा मला’ म्हणाली होती, आणि चौथ्यांदा म्हणायच्या आत बासरी सुरू होऊन तिचा चेहरा मवाळ झाला होता.

यात कोणी खोडसाळपणा केलेला नव्हता. मालिकेत कथा एकजण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. आठवड्याला सहा भाग जायचे असतात आणि आधी तयार ठेवलेल्या भागांची बँक संपली की संवादांची पाने सकाळी थेट मढच्या किंवा घोडबंदर रोडच्या सेटवर पोहोचतात. या साखळीतून माझ्या मनातला प्रसंग पुढे गेला नाही, फक्त त्याचे नाव गेले. वन-लाइनमध्ये, म्हणजे प्रसंगाच्या एका ओळीच्या सारांशात, ‘मनधरणी, शेवटी ती विरघळते’ एवढेच होते, आणि संवादलेखकाने व दिग्दर्शकाने ती रिकामी जागा आजवर पाहिलेल्या शेकडो ‘मनधरण्यां’नी भरली. कोणत्याही लेखकाने हेच केले असते, आणि उद्या तुमच्या चिठ्ठीचेही हेच होऊ शकते. म्हणून जिथे दोन माणसांच्या शरीराचा आणि इच्छेचा संबंध येतो, त्या प्रसंगांना आणि ज्यांना आपण साचा किंवा ट्रोप म्हणतो त्या नेहमीच्या घडणींना नाव कसे द्यावे, याची रीत येथे मांडतो आहे.

पहिले पथ्य असे की नाव प्रसंगाच्या सुरावरून ठेवू नये, पात्रांच्या इच्छेवरून ठेवावे. ‘रोमँटिक ट्रॅक’, ‘पावसाचा सीन’, ‘लाडीगोडी’, ‘पहिली रात्र’, ‘छेडछाड’ ही सगळी सुराची नावे आहेत. त्यांवरून प्रकाश कसा ठेवायचा आणि संगीत कोणते लावायचे ते कळते. समोरच्या माणसाला हे हवे आहे की नाही, हे कळत नाही. ‘छेडछाड’ या शब्दात तर दिराने वहिनीची काढलेली खोडी आणि लोकलच्या गर्दीत परक्याने मुद्दाम लावलेला हात या दोन्ही गोष्टी बसतात. सुराचे नाव ठेवायला हरकत नाही, पण ते दुसऱ्या ओळीवर असावे. पहिल्या ओळीवर कर्ता आणि क्रियापद असलेले पूर्ण वाक्य हवे : कोण काय करतो, समोरच्याची त्या क्षणी काय इच्छा आहे, आणि करणाऱ्याला ती ठाऊक आहे की नाही. एकशब्दी नामात या तीन गोष्टी मावत नाहीत, कारण नामाला कर्ता लागत नाही. ‘मनधरणी’ कोणी केली, कोणाची केली, तिने कितीदा नकार दिला, हे काहीही न सांगता तो शब्द ऐटीत फळ्यावर बसून राहतो.

क्रियापद वापरले की सगळे सुटते असेही नाही. ते कोणत्या विभक्तीसह आले हेही पाहावे लागते. मराठीत ‘तिला पटले’ आणि ‘ती पटली’ यांत दिसायला एका प्रत्ययाचे अंतर आहे. ‘तिला पटले’ या वाक्यातली ती विचार करणारी आहे, तिच्यासमोर काहीतरी मांडले गेले आणि तिने ते तपासले. ‘ती पटली’ या वाक्यात मात्र ती काटलेल्या पतंगासारखी कोणाच्या तरी हाती लागली आहे. ‘हिरो तिला पटवतो’ असे आमच्या खोलीत दिवसातून दहादा म्हटले जाते, आणि या एका क्रियापदाखाली तीन महिने रोज तिच्या बसस्टॉपवर उभे राहणेही खपते. तेच वाक्य ‘ती नको म्हणाल्यावरही तो रोज बसस्टॉपवर येतो’ असे लिहून पाहावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये हा पाठलागाचा गुन्हा आहे; जुन्या दंड संहितेत तो २०१३ साली आला. प्रेमकथेत पाठलाग दाखवूच नये असे माझे म्हणणे नाही. आपण पाठलाग दाखवतो आहोत हे लिहिणाऱ्याला निदान माहीत असावे, एवढेच म्हणणे आहे.

एकाच नावाखाली किती निरनिराळ्या गोष्टी राहू शकतात, हे नव्या लेखकांना समजावताना मी ‘हरण’ हा शब्द घेतो, कारण ती उदाहरणे कोणाला वेगळी सांगावी लागत नाहीत. रुक्मिणीहरण, सुभद्राहरण, अंबेचे हरण आणि सीताहरण या चारही प्रसंगांत एक पुरुष एका स्त्रीला रथात घालून नेतो. बाहेरून पाहणाऱ्याला चारही सारखेच दिसतील. पण भागवतातल्या रुक्मिणीने स्वतः कृष्णाला निरोप धाडला आहे, आपण देवीच्या दर्शनाला नगराबाहेर केव्हा येऊ हे कळवले आहे; तिथे हरण हा दोघांचा मिळून केलेला बेत आहे. महाभारताच्या आदिपर्वात सुभद्रेची गोष्ट निराळी आहे. कृष्ण अर्जुनाला सांगतो की स्वयंवरात काय होईल याचा भरवसा नाही, तेव्हा हरणच कर. या सल्लामसलतीत सुभद्रेला कोणी काही विचारत नाही. अंबेने मनाने शाल्वाला वरले होते, आणि भीष्माला ते कळले ते तिला रथात घालून हस्तिनापुरी आणल्यावर. त्याने तिला परत पाठवले, पण तोवर शाल्वाचे दार बंद झाले होते. सीतेबद्दल वेगळे काही सांगायला नको.

आता कल्पना करा की फळ्यावर फक्त ‘हरणाचा ट्रॅक’ असे लिहिले आहे. एकाच्या मनात रुक्मिणी असेल, दुसरा अंबा लिहील, आणि प्रेक्षकाला अंबेच्या प्रसंगावर रुक्मिणीचे संगीत ऐकू येईल. माझ्या ‘मनधरणी’चे नेमके हेच झाले होते.

आपल्या पूर्वसूरींना हा फरक कळत होता, याचे पुरावे याच कथांच्या पुढच्या प्रवासात आहेत. एकनाथांनी सोळाव्या शतकात रुक्मिणीची कथा मराठीत आणली तेव्हा ग्रंथाला ‘रुक्मिणीस्वयंवर’ हे नाव दिले. घटना तीच, पण नावातच निवड करणारी कोण हे सांगितले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आणले तेव्हा सुभद्रेचे अर्जुनावर प्रेम आहे आणि दुर्योधनाशी ठरलेले लग्न तिला नको आहे, हे तिच्या तोंडून आधीच ऐकवले. आदिपर्वातली मोकळी जागा त्यांनी भरली, म्हणून नाट्यगृहातला प्रेक्षक त्या हरणाला निःशंक मनाने हसू शकतो. दुसरीकडे मनुस्मृतीतले विवाहाचे आठ प्रकार पाहावेत. त्या ग्रंथाशी माझे अनेक बाबतींत भांडण आहे, पण नावे देण्याच्या कामात तो ढिला नाही : परस्परांच्या इच्छेने तो गांधर्व, आक्रोश करणाऱ्या मुलीला बळाने नेणे तो राक्षस, आणि झोपलेल्या, धुंद किंवा भान नसलेल्या मुलीकडे चोरून जाणे तो पैशाच. आमच्या फळ्यावर यांतले शेवटचे दोन्ही प्रकार ‘इंटेन्स लव्ह’ या एका चिठ्ठीखाली मी स्वतः पाहिले आहेत.

सर्वांत अधिक गैरवापर होणारे नाव म्हणजे ‘लटका नकार’. हा साचा मुळातच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. लाडात आलेल्या माणसांमध्ये लटका राग असतोच, आणि लावणीपासून नवरा-बायकोच्या कुरबुरीपर्यंत आपण तो ओळखतो. नाट्यशास्त्रात नायिकेच्या स्वभावज अलंकारांत त्याला ‘कुट्टमित’ असे नावही आहे : प्रियकराच्या स्पर्शाने आत आनंद, बाहेर मात्र हात झटकणे आणि त्रागा. या व्याख्येची रचना लक्षपूर्वक पाहावी. तिच्यात आधी प्रियकर आहे, म्हणजे नाते ठरलेले आहे. मग आतला आनंद आहे, जो नटीने अभिनयातून प्रेक्षकापर्यंत पोहोचवायचा आहे. बाहेरचा नकार सर्वांत शेवटी येतो. आपण मालिकेत यातला फक्त शेवटचा तुकडा उचलतो. परका पुरुष, खरा नकार, आणि वर ‘लटका’ हे विशेषण. ते विशेषण पात्राच्या मनातली गोष्ट ठरवून टाकते, पण तिचा पुरावा पटकथेत कुठेही नसतो, आणि नकार लटका आहे हे ठरवण्याचा अधिकार आपोआप ज्याला नकार मिळाला त्याच्याकडे जातो.

म्हणून ‘लटका’ हा शब्द लिहायचाच असेल तर तो कमवावा लागतो. माझी कसोटी अशी आहे की त्या प्रसंगात तिला निघून जाण्याची खरी सोय असावी, दार उघडे असावे, आणि तरीही ती थांबावी किंवा दोन पावले जाऊन स्वतः परत यावी. एका नव्या लेखिकेने हे छान साधले होते. तिच्या प्रसंगात तो हात धरतो, ती ‘नको ना’ म्हणते, तो लगेच हात सोडून मागे सरकतो. मग ती जरा वेळ खिडकीबाहेर पाहते आणि म्हणते, ‘एवढ्यात दमलास?’ चिठ्ठीवर तिने लिहिले होते : ‘ती थट्टेत नको म्हणते, तो खरेच थांबतो, ती पुढे होते.’ या चिठ्ठीतून कडी लावलेले दार कोणीही काढू शकणार नाही.

गप्प राहण्याला काय म्हणावे, हा याहून अवघड प्रश्न आहे. पटकथेत ‘ती काहीच बोलत नाही’ या वाक्याशेजारी सर्रास ‘मूकसंमती’ लिहिले जाते. महाराष्ट्रात तरी हा शब्द जपून वापरावा, कारण त्याचा इतिहास आपल्या दाराशी आहे. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात घडलेल्या अत्याचाराच्या प्रकरणात, ज्याला त्या मुलीच्या नावावरून मथुरा खटला म्हणतात, मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत आणि तिने आरडाओरडा केला नाही याला महत्त्व देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती आणि शरण जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा होता. १९८० मध्ये मुंबईत स्त्रियांनी ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा केला, आणि १९८३ साली कायदा बदलला. आजच्या न्याय संहितेचे कलम ६३ सांगते की संमती म्हणजे त्या विशिष्ट कृतीला शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य मार्गाने दिलेली निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची मान्यता, आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून ती दिली असे धरता येत नाही. तेव्हा चिठ्ठीवर ‘मूकसंमती’ लिहिण्याआधी ती गप्प का आहे ते लिहावे. लाजली आहे, घाबरली आहे, घर सुटेल म्हणून गप्प आहे, की सासू भिंतीपलीकडे जागी आहे? मुंबईच्या एका खोलीच्या संसारात शेवटचे कारण अगदी खरे आहे, आणि ते लिहिले की प्रसंगच बदलून जातो.

येथे एक खुलासा करतो. कायद्यातील व्याख्या म्हणजे कथेची सीमा नव्हे. अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला बलात्काराच्या कलमातून वगळणारा अपवाद अजून कायम आहे. पण तेवढ्यावरून ‘पहिली रात्र’ या चिठ्ठीवर संमती आपोआप छापून येत नाही. उलट कथेला कायद्यापेक्षा बारीक फरक दाखवता येतात, आणि दाखवावेत.

‘नशेतली रात्र’ हे नाव ताबडतोब फाडून टाकावे. दोघे प्यायले होते, एकच प्यायला होता, एकाने दुसऱ्याला पाजले, पेयात काही मिसळले, की पिण्याचे निमित्त करून दोघांनी मनातले केले, या पाच अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘फसवणूक’ या नावाचेही तसेच. अहल्येची कथा घ्या : वाल्मीकींच्या बालकांडात मुनिवेषातला तो इंद्र आहे हे अहल्येने ओळखलेले आहे, आणि नंतरच्या अनेक कथनांत ती पूर्णपणे फसलेली आहे. ‘अहल्येसारखा ट्रॅक’ असे कोणी म्हटले तर कोणती अहल्या, हे मी लगेच विचारतो.

‘कॉलेजमधले प्रेम’ हा साचा निरुपद्रवी वाटतो, पण मुंबईत दहावी झाली की मुले ज्युनिअर कॉलेजला जातात, म्हणजे अकरावीची नायिका सोळा वर्षांची असते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलामुलीची संमती ग्राह्यच नाही. चिठ्ठीवर वय लिहावे. लिहिताना अंगावर आले तर प्रसंग बदलावा.

वर्तमानपत्री शब्दांपासूनही दूर राहावे. ‘अतिप्रसंग’ आणि ‘गैरप्रकार’ हे शब्द खांद्यावर हात ठेवण्यापासून बलात्कारापर्यंत काहीही झाकतात. ‘अब्रू लुटली’ आणि ‘शील भ्रष्ट झाले’ यांत गुन्हा एकाचा असतो आणि नुकसानीची नोंद दुसरीच्या खात्यावर होते. अशी चिठ्ठी लागली की पुढच्या वीस भागांत नायिकेने तोंड लपवणे जवळपास ठरूनच जाते, कारण नावाने तेच सांगितलेले असते. बलात्कार असेल तर बलात्कार लिहावे. खोलीत कोणी ओशाळले तरी चालेल.

पुरुषाच्या नकाराला तर आपल्याकडे नावच नाही. मालकीणबाई, शेजारीण किंवा साहेबीण एखाद्या भिडस्त माणसाच्या मागे लागते, तो टेबलाभोवती पळतो, आणि चिठ्ठीवर असते ‘कॉमेडी ट्रॅक’. बलात्काराच्या कलमात पीडित व्यक्ती स्त्रीच असल्यामुळे कायद्याची ढालही इथे फारशी नाही. हा साचा वापरण्यापूर्वी एक जुना उपाय करून पाहावा : पात्रांची लिंगे उलटी करून तीच चिठ्ठी वाचावी. साहेब भिडस्त कारकून मुलीच्या मागे टेबलाभोवती धावतो आहे, असे वाचल्यावर खोलीत कोणी हसले नाही, तर मूळ प्रसंगात आपण कशाला हसत होतो ते शोधावे. नंतर तिला आवडले, पुढे त्यांचे लग्न झाले, आता दोन मुले आहेत, या शेवटांचा उपयोगही मागच्या प्रसंगाचे नाव बदलण्यासाठी करू नये. तिने पुढे त्याच्यावर प्रेम केले असेल. त्या रात्री तिने नाही म्हटले होते, आणि त्या रात्रीच्या चिठ्ठीवर तेच राहिले पाहिजे.

नाव ठरले की कथेची भूमिका काय आहे ते खाली वेगळ्या ओळीत लिहावे. नायक नकार ऐकत नाही हे एक विधान झाले. कथा त्याला चूक मानते, की बरोबर, की अजून ठरवलेले नाही, हे दुसरे विधान आहे. क्रौर्य दाखवण्यासाठी लिहिलेला प्रसंग शृंगार म्हणून चित्रित होतो, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा ही दुसरी ओळ नसणे असते. सेटवरच्या माणसांना तिचा उपयोग अधिक होतो. कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या चित्रीकरणाच्या वेळापत्रकावर, ‘रोमँटिक सीन’ वाचून आलेल्या अभिनेत्रीला तिथे पोहोचल्यावर कळते की आज तिला झोंबाझोंबी करायची आहे. पात्राच्या संमतीचा घोळ मग जिवंत माणसाच्या संमतीपर्यंत जातो. हल्ली काही सेटवर इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीचे प्रसंग कलाकारांच्या संमतीने चित्रित होतात हे पाहणारी व्यक्ती, असतात, आणि प्रसंगात नक्की कोणता स्पर्श आहे, कोणाच्या इच्छेने आहे, हे त्यांना चित्रीकरणाआधी लेखी हवे असते. मालिकांच्या सेटवर ही व्यक्ती क्वचितच दिसते, तेव्हा तिथे ते काम चिठ्ठीनेच करायचे आहे.

शेवटी चिठ्ठीची परीक्षा घ्यावी. कथा ठाऊक नसलेल्या माणसाला ती एकटी द्यावी, कथा सांगू नये, प्रश्नांना उत्तरे देऊ नयेत, आणि त्या प्रसंगाचे सहा ओळींचे संवाद लिहायला सांगावे. शक्यतो दोघांना द्यावी, एका स्त्रीला आणि एका पुरुषाला. दोघांनी लिहिलेल्या सहा ओळींत ‘नाही’ वेगवेगळ्या अर्थाने आले, तर नाव पुन्हा ठेवावे. याला पंधरा मिनिटे लागतात. आमच्याकडे हे काम चहा घेऊन येणाऱ्या मुलाकडे आणि हिशेब पाहणाऱ्या ताईंकडे होते, आणि ताईंनी एकदा ‘रुसवा’ ही चिठ्ठी वाचून असा संवाद लिहिला होता की आम्हाला ती नायिकाच नव्याने लिहावी लागली.

त्या मालिकेत पुढे पुन्हा अबोल्याचा प्रसंग आला. या वेळी गुलाबी चिठ्ठी कमी पडली, म्हणून दोन जोडून लावल्या आणि बारीक अक्षरात लिहिले : ‘ती बोलत नाही. तो तिला हात लावत नाही. तो डबा भरतो, भाजी करपते. ती हसते, पण अजून बोलत नाही. दार उघडे.’ संवादलेखकाचा दुपारी फोन आला. दार उघडे ठेवण्याचे कारण त्याने विचारले नाही. भाजी कोणती, एवढेच विचारले.